मोडल्या पंखाची दुरुस्ती

घरातील खुर्चीचा पाय मोडला, तर सुताराला बोलावून त्यावर एक पट्टी ठोकून घेतली म्हणजे काम भागते. पट्टी जरा जाड झाली, खिळे दोन अधिक बसले, तरी कोणाची तक्रार नसते. खुर्ची जड झाली म्हणून बसणाऱ्याचे काही बिघडत नाही. पेटीची कडी निखळो की पाळण्याचा दांडा तडको, गृहस्थाचा न्याय एकच : जेथे मोडले तेथे पूर्वीपेक्षा मजबूत करावे. संसारात हा न्याय बहुतेक वेळी चालतो. परंतु वस्तू हवेत उडणारी असली म्हणजे हाच न्याय उलटतो, आणि हौसेने दिलेली बळकटी पुढच्या अपघाताचे कारण होऊन बसते. हे कसे घडते, ते एका मोठ्या नमुना-विमानाच्या दुरुस्तीवरून चांगले समजते.

जमिनीवर उभे राहून बिनतारी लहरींच्या साहाय्याने लहान विमान उडविण्याचा छंद आता बराच जुना झाला आहे. अमेरिकेत वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी ‘गफ’ नावाचे आपले विमान १९३७ साली अशा रीतीने उडविले. पुढे ते स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात दाखल झाले. तेव्हापासून यंत्रे लहान, हलकी व विश्वासू होत गेली आणि विमाने मात्र मोठी होत गेली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत नमुना-विमानाच्या वजनाची साधारण मर्यादा २५ किलो धरलेली आहे. पंचवीस किलो म्हणजे धान्याचे भरलेले पोते. इतक्या वजनाच्या वस्तूला खेळणे म्हणणे हे केवळ सवयीमुळे होते.

उदाहरणासाठी एक मध्यम आकाराचे विमान घ्यावे. बंगळूरच्या कारखान्यात डॉ. वि. मा. घाटगे यांच्या देखरेखीखाली ‘एच्. टी. २’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान आखले गेले, व १९५१ साली त्याने प्रथम उड्डाण केले. त्याचा पंखविस्तार १०.७२ मीटर. कोणी हौशी माणसाने त्याची चतुर्थांश मापाची लाकडी प्रतिकृती केली, तर तिचा पंखविस्तार २.६८ मीटर भरेल. म्हणजे दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ती सहज पोहोचेल. पेट्रोलवर चालणारे छोटे इंजिन, यंत्रे व विजेऱ्या धरून तिचे वजन आठ किलो आहे असे समजू या. त्यांपैकी दोन किलो पंखाचे व सहा किलो बाकी सर्व विमानाचे.

हे विमान ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असताना त्याच्या अंगी जितका जोर असतो, तितका जोर आठ किलोचे वजन सुमारे साडेअकरा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली सोडल्यास त्याच्या अंगी येतो. हा हिशोब ध्यानात ठेवला, म्हणजे दुरुस्तीचा प्रश्न केवळ मालकाच्या हौसेचा नाही, मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांचाही आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता अपघात कल्पावा. उतरताना आडवा वारा आला. एक चाक आधी टेकले, आणि तेही जोराने. पंखाच्या पोटात चिकटविलेला, चाकाचा पाय धरणारा लाकडी ठोकळा बरगड्यांसह उपटून निघाला. पंखाचे टोक जमिनीला लागले. विमान गर्रकन फिरून थांबले. वरवर पाहता नुकसान एवढेच : एक पाय निखळला, पंखाखाली एक भोक पडले, आणि आच्छादन फाटले. उतावीळ मालकाला वाटते की, ठोकळा जरा मोठा घ्यावा, भरपूर इपॉक्सी ओतावे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा मैदान गाठावे. खरी चूक येथेच सुरू होते.

अनुभवी माणूस प्रथम काहीच चिकटवीत नाही. इंजिन व वीज बंद केल्यावर तो मैदानावरचे सर्व तुकडे, अगदी बोटभर चोईसुद्धा, वेचून पिशवीत भरतो. कारण मोडलेल्या लाकडाच्या कडा एकमेकींत बसवून पाहिल्या, म्हणजे भार कोणत्या दिशेने आला ते त्या सांगतात. चेपलेली किंवा फुगलेली लिथियमची विजेरी तो घरात किंवा गाडीत ठेवीत नाही. अशी विजेरी काही वेळ शांत राहून मग पेट घेऊ शकते. मग तो विमान टेबलावर घेतो आणि न मोडलेले भाग तपासू लागतो. पंखाचे टोक धरून हलकेच पिळावे आणि कान द्यावा. कोठे करकर वाजली, तर आत काही सुटले आहे. आच्छादनावर तिरक्या सुरकुत्या पडल्या असतील, तर तो भाग पिळवटला गेला आहे. बरगड्यांवर नखाने टिचकी मारीत जावे; जेथे आवाज एकाएकी बदलतो, तेथे सांधा सुटल्याचा संशय घ्यावा. संशय आला की आच्छादनाला खिडकी पाडून आत पाहावे. आच्छादनाचा तुकडा स्वस्त असतो. न पाहिलेली चीर फार महाग पडते.

या विमानात अशी खिडकी पाडली, तेव्हा निखळलेल्या ठोकळ्यापासून चार बोटांवर मुख्य तुळईच्या खालच्या पट्टीला केसाएवढी चीर गेलेली आढळली, असे समजावे. चाक टेकले तेव्हा जो धक्का आला, तो ठोकळ्यातून बरगडीत व बरगडीतून तुळईत गेला होता. पाय निखळला हे सर्वांना दिसले. तुळई तडकली हे कोणाला दिसले नाही. परंतु विमान हवेत राहते ते तुळईच्या भरवशावर.

पंखाची तुळई कशी काम करते, हे समजावयास मोठे गणित लागत नाही. हवेत पंख वर उचलला जातो आणि मधले धड त्याला खाली ओढते; त्यामुळे पंखाची टोके वर वाकू पाहतात. या वाकण्यात तुळईची वरची पट्टी दाबली जाते व खालची ताणली जाते. दोहोंच्या मध्ये एक पातळ उभी फळी असते. वरची व खालची पट्टी एकमेकींपासून सरकू नयेत किंवा एकमेकींकडे चेपल्या जाऊ नयेत, हे तिचे काम. म्हणून तिचे तंतू उभे ठेवतात. लाकूड तंतूंच्या दिशेने ताण उत्तम सोसते, दाब त्या मानाने कमी सोसते. शिवाय तुळईची उंची दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. रुंदी दुप्पट केली तर केवळ दुप्पट. यावरून एक गोष्ट उघड होते. ताकद ही लाकडाच्या राशीत नसते. ते लाकूड कोणत्या जागी बसविले आहे, यावर ती अवलंबून असते.

विमान मोठे होत जाते तसा हा विवेक अधिकच आवश्यक होतो. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही गोष्ट हाडांचे उदाहरण देऊन मांडली होती. सर्व मापे दुप्पट केली, तर वजन आठपट वाढते. पण भार वाहणाऱ्या पट्ट्यांचा छेद चौपटच वाढतो. म्हणजे लाकडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट ओझे येते. हातभर लांबीचे विमान गवतात आपटले तरी बहुधा झटकून उठते. अडीच मीटरचे विमान स्वतःच्याच वजनाने मोडते. लहान विमानावर शिकलेल्या दुरुस्तीच्या सवयी मोठ्या विमानावर धोक्याच्या ठरतात, त्या यामुळेच.

आता तडकलेली पट्टी सांधावयाची. चिरेवर चिकटद्रव्य ओतून वरून पट्टी मारणे, ही खुर्चीची रीत झाली. तुटलेले तंतू टोकाला टोक लावून चिकटविले, तर त्या सांध्यात ताण घेण्याची ताकद जवळजवळ राहत नाही. म्हणून खराब भाग पूर्णपणे काढून टाकावा लागतो, आणि जुने व नवे लाकूड लांब तिरक्या छाटाने एकमेकांवर बसवावे लागते. खऱ्या लाकडी विमानांच्या दुरुस्तीत हा छाट जाडीच्या दहा ते बारा पट लांब ठेवण्याचा प्रघात आहे. पट्टी सहा मिलिमीटर जाड असेल, तर छाट सुमारे सात सेंटिमीटर लांब हवा. अशा सांध्यात भार एका ठिकाणी उडी न मारता जुन्या तंतूंमधून नव्या तंतूंमध्ये हळूहळू उतरतो. नवे लाकूड जुन्याच जातीचे व शक्य तितक्या सारख्या घनतेचे घ्यावे. स्प्रूसच्या जागी बाल्सा तर नव्हेच, पण लोखंडासारखे कठीण सागवानही नव्हे.

छाटाच्या बाजूला पातळ प्लायवूडची जोडपट्टी द्यावी, हे ठीकच आहे. परंतु तिची टोके चौकोनी कापून सोडली, तर दुरुस्तीने नवा घात निर्माण केला असे समजावे. जोडपट्टी जेथे एकाएकी संपते, तेथे ताठ भाग संपून लवचिक भाग सुरू होतो. पंख वाकला की सारे वाकणे त्या रेषेवर येऊन साचते, आणि पुढच्या वेळी पंख बरोबर त्याच रेषेवर मोडतो. मालक म्हणतो, “माझी दुरुस्ती पाहा, ती जशीच्या तशी आहे; मोडले ते बाजूचे लाकूड !” आपल्या दुरुस्तीने ते लाकूड मोडले, हे त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून जोडपट्टीची टोके निमुळती करावी, पॉलिश पेपरने घासून शेवटी कागदाएवढी पातळ करावी, आणि दोन बाजूंना दोन पट्ट्या असतील तर त्या एकाच ठिकाणी संपू देऊ नयेत. कार्बनतंतूंच्या पट्टीविषयी तर दुप्पट सावधगिरी हवी. ती लाकडापेक्षा फार ताठ असल्यामुळे भार आधी स्वतःवर घेते, आणि तिचे टोक जपून निमुळते केलेले नसेल तर तेथूनच सुटू लागते. इंजिनावरच्या काचतंतूंच्या टोपणाला चीर गेली, तर जोड देण्यापूर्वी चिरेच्या टोकाशी बारीक गोल भोक पाडण्याची रीत आहे. तिचेही कारण तेच : अणकुचीदार टोकाशी ताण एकवटतो, गोलाईवर तो पसरतो.

चिकटद्रव्याची निवड हा दुसरा नाजूक भाग. झटपट धरणारे सायनोॲक्रिलेट मैदानावर उपयोगी पडते, पण त्याचा सांधा ठिसूळ असतो. हादरे व धक्के खाणाऱ्या जागी त्यावर विसंबू नये. बरगड्या व आवरण यांना लाकडाचे साधे पांढरे किंवा पिवळे चिकटद्रव्य पुरते. चाकांचे ठोकळे व इंजिन धरणारी भिंत यांना सावकाश वाळणारे इपॉक्सी बरे. तेही ओतावयाचे नसते. दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावून, घट्ट धरून, बाहेर आलेले पुसून टाकावयाचे असते. जाड थराने ताकद वाढत नाही, वजन तेवढे वाढते. इंजिनाजवळचे लाकूड तेल प्यालेले असेल, तर त्यावर कोणतेच द्रव्य नीट धरीत नाही. ते तेल काढावे, नाही तर ते लाकूडच काढून टाकावे.

हवामानाकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, याचा एक मोठा धडा याच देशात मिळालेला आहे. दुसऱ्या महायुद्धातील ‘मॉस्किटो’ हे ब्रिटिश विमान लाकडाचे होते. त्याचे धड बर्चच्या दोन प्लायवूड-थरांमध्ये बाल्सा भरून केलेले होते. वेगाच्या बाबतीत ते अनेक धातूच्या विमानांना भारी पडत असे. परंतु १९४४ साली हिंदुस्थान-ब्रह्मदेशच्या आघाडीवर काही मॉस्किटो विमाने हवेतच भंगली, आणि त्यांची उड्डाणे थांबवून तपासणी करावी लागली. येथील उष्ण व दमट हवेत लाकडाचे आकुंचन-प्रसरण होत होते, आणि पंखाची तुळई व वरचे आवरण यांच्या सांध्यांत उणिवा राहिलेल्या होत्या. यावर उपाय योजला तो मोठा विचारपूर्वक होता. पंख लोखंडी कांबींनी जखडला नाही. आवरणाच्या सांध्यावरून पंखाच्या लांबीभर प्लायवूडची एक पट्टी बसवून तो सांधा बंद केला. जेथे उणीव होती तेथेच, आणि सांध्याच्या पूर्ण लांबीवर पसरलेला असा तो उपाय होता. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात सांधलेले विमान उन्हाळ्यात पुन्हा तपासावे लागते, ते याच कारणाने.

यानंतर प्रश्न येतो वजनाचा. दुरुस्तीत वाढलेला प्रत्येक ग्रॅम विमानाला प्रत्येक उड्डाणात वाहावा लागतो. उतरण्याचा वेग त्याने वाढतो, आणि ज्या धक्क्याने पूर्वी मोडले तो धक्का आणखी जोराचा होतो. शेपटीकडील दुरुस्ती तर दामदुपटीने वसूल होते. तोलाच्या बिंदूपासून शेपटी नाकापेक्षा तिप्पट दूर असेल, तर शेपटीत वाढलेल्या ३० ग्रॅमसाठी नाकात ९० ग्रॅम शिसे घालावे लागते. एकूण १२० ग्रॅम झाले, आणि त्यांतील तीन-चतुर्थांश वजनाने कोणतीच बळकटी आली नाही. म्हणून दुरुस्तीपूर्वी काढलेले लाकूड व दुरुस्तीनंतर घातलेले लाकूड, दोन्ही तराजूत घालून पाहणारा माणूस विक्षिप्त वाटला तरी शहाणा समजावा.

तर मग चाकाचा पाय कसा बसवावा ? मूळचा ठोकळा लहान होता म्हणून मोडले असे नाही. त्याचा भार एकाच बरगडीवर होता म्हणून मोडले. नवा ठोकळा त्याच मापाचा घेतला, पण तो तीन बरगड्यांत खोचला, आणि त्या बरगड्यांना पातळ प्लायवूडची पाठ देऊन ती तुळईपर्यंत नेली, तर तोच धक्का तिघींत वाटला जातो. परंतु एवढ्यावर थांबून चालत नाही. धक्का त्याहूनही मोठा आला तर काय मोडावे, हेही आधीच ठरवावे लागते. कुशल कारागीर पाय ठोकळ्याला पोलादी बोल्टांनी जखडीत नाही. नायलॉनच्या बोल्टांनी धरतो. मर्यादेबाहेरचा धक्का आला की बोल्ट तुटतो, पाय सुटून बाजूला पडतो, आणि तुळई वाचते. पंख धडाला जोडणारे बोल्टही याच हेतूने नायलॉनचे ठेवतात. घरातील विजेच्या फ्यूजची तार जशी आपण जळून घर वाचवते, तसे हे चार आण्यांचे बोल्ट आपण तुटून विमान वाचवितात. त्यांच्या जागी पोलाद घालणे म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार बांधणे होय. काहीच मोडू नये अशी रचना मनुष्याला करता येत नाही. जे मोडेल ते स्वस्त असावे, दिसणारे असावे आणि जमिनीवर मोडणारे असावे, एवढे मात्र त्याच्या हाती आहे.

दुरुस्ती संपली म्हणजे परीक्षा सुरू होते. विमान पंखांच्या दोन टोकांवर उचलले, तर आपल्या उदाहरणातील पंखाच्या मुळाशी सरळ उड्डाणातल्या भाराच्या दुपटीहून थोडा अधिक भार येतो. साठ अंश कलून घेतलेल्या स्थिर वळणात भार दुप्पट होतो. म्हणजे या उचलण्याने केवळ एका तीव्र वळणाची परीक्षा झाली. सूर मारून वर काढताना चौपट भार येईल असे धरले, तर विमान उलटे ठेवून, धडाला आधार देऊन, पंखावर वाळूच्या पिशव्या पसराव्या लागतात. सहा किलोचे चौपट चोवीस. त्यांतून पंखाचे स्वतःचे दोन किलो वजा जाता बावीस किलो वाळू. स्वतःच्या हाताने सांधलेल्या पंखावर बावीस किलो वाळू रचणे हे काळीज घट्ट करण्याचे काम आहे. परंतु जो पंख कार्यशाळेत वाळूखाली मोडण्याची भीती वाटते, तो पंख माणसांच्या आसपास उडविण्याचे धैर्य कोठून येते, हा प्रश्न मालकाने स्वतःला विचारावा.

पुढे वजन, तोलाचा बिंदू व दोन्ही पंखांचा समतोल पाहावयाचा. प्रत्येक बिजागरी ओढून पाहावयाची. सर्व्हो मोटरींचे दात आपटण्याने तुटलेले असू शकतात. पडदे सावकाश हलवून कोठे अडखळ किंवा उडी जाणवते का ते तपासावयाचे. बिनतारी यंत्राची पोच इंजिन बंद असताना व चालू असताना, दोन्ही वेळा, पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावरून घ्यावयाची; आणि संकेत तुटल्यास इंजिन मंदावते किंवा थांबते याची खात्री करून घ्यावयाची. पहिले उड्डाण शांत हवेत, रिकाम्या मैदानावर, प्रेक्षकांवाचून करावे. चार-पाच उड्डाणे झाली की तीच खिडकी पुन्हा उघडून तोच सांधा पुन्हा पाहावा.

इतके करूनही काही वेळा निर्णय नकाराचा द्यावा लागतो. तुळईच्या वरच्या पट्टीचे तंतू दाबाने चेपून गेले असतील, सांध्यावर सांधे पडले असतील, किंवा लाकूड तेलाने भिजून मऊ झाले असेल, तर त्या पंखाला भिंतीवर टांगून नवा पंख करणे हीच खरी दुरुस्ती. कित्येक महिन्यांच्या कष्टाने केलेल्या वस्तूविषयी असे म्हणणे जड जाते. परंतु मैदानाच्या कडेला मुलाचा हात धरून उभा असलेला बाप, विमानात कोठे सांधा आहे हे जाणत नसतो. तो केवळ वर पाहत असतो. त्याच्या त्या विश्वासाला पात्र व्हावयाचे, तर सांधणाऱ्याने आधी खाली बसून, खिडकी पाडून, आत नीट पाहिलेले असले पाहिजे.